हातचा एक

१

मला चिकू आवडत नाही, हे मी लग्नाच्या बोलणीतच सांगून टाकलं होतं. आगरच्या बागायतदाराकडे सून म्हणून जाणारी मुलगी असं म्हणते म्हणून सगळे हसले होते. होणारे सासरे, धोंडूबाबा, म्हणाले होते, "असू दे गं. आम्ही विकायला लावतो चिकू. तुला खा म्हणून कोण सांगतोय?" चार वर्षं सगळ्यांनी तो शब्द पाळला. मग मला दिवस गेले, पाच महिने सरले, आणि पाच नोव्हेंबरला सकाळी सहा वाजता माझ्यासमोर बशीत चिकू आला.

या घराची रीत अशी. मूल जन्मलं की बारशानंतर त्याच्या नावाचं चिकूचं एक कलम लावायचं. फाटकापासून विहिरीपर्यंत अशा सोळा झाडांची एक सरळ ओळ आहे. पहिलं झाड माझ्या नवऱ्याच्या खापरपणज्याचं. पहिल्या बारांची माणसं कधीच गेली. तेरावं बाबांचं, चौदावं उमेशकाकांचं, पंधरावं वापीला दिलेल्या माझ्या नणंदेचं, संगिताताईंचं, आणि सोळावं, अगदी विहिरीला लागून, माझ्या नवऱ्याचं, जतीनचं. या ओळीतले चिकू विकत नाहीत. घरातली सून गरोदर राहिली की पाचवा महिना सरल्यावर तिने ते रोज दोन खायचे. सकाळी, ओळीच्या मधून जाणाऱ्या पाण्याच्या पाटाच्या अलीकडच्या आठ झाडांतला एक, संध्याकाळी पलीकडच्या आठांतला एक. आठ दिवसांत ओळ पुरी झाली की पुन्हा पहिल्यापासून, बाळंत होईपर्यंत. सुनांच्या नावाचं झाड या ओळीत नसतं, पण खायचं सुनांनीच.

तिसऱ्या महिन्यानंतर उलट्या थांबतात म्हणतात. माझ्या थांबल्या नव्हत्या. चिकूचा तो कोमट, रवाळ गर जिभेला चिकटून बसला की घशातून पाणी वर यायचं. सालीवरची ती मातकट लव तर मला बोटालाही सहन होत नाही. म्हणून जतीन स्वतः सोलून द्यायचा, आणि मी ओकले की बादलीही तोच धुवायचा. त्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

पहिला चिकू मी डोळे मिटून खाल्ला. त्यात एकही बी नव्हती. "नशीबवान आहेस," जतीन म्हणाला. मी बशीतल्या उरलेल्या अर्ध्या फोडीकडे पाहिलं. बियांच्या जागा होत्या. ओल्या, चकचकीत, रिकाम्या खाचा. आत बी वाढली होती आणि कुणीतरी ती बाहेरून न कापता काढून नेली होती, असं वाटलं.

संध्याकाळचा चिकू नवव्या झाडाचा होता. त्यात नऊ बिया निघाल्या.

२

मी तलासरीच्या एका शाळेत गणित शिकवते. रोज डहाणूहून आम्ही पाच जण एका इको गाडीतून जातो, चारोटीपर्यंत आणि तिथून हायवेने. रस्ताभर मी पुढच्या गाड्यांच्या नंबरांच्या बेरजा करते. कुणी पायऱ्या मोजतं, कुणी नखं खातं, तसं हे माझं. त्यामुळे मी बिया मोजल्या यात नवल काही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात दोन आकडे लिहायला लागले, वर सकाळचा, खाली संध्याकाळचा.

दुसऱ्या दिवशी पाच आणि चार. तिसऱ्या दिवशी आठ आणि एक. चौथ्या दिवशी पुन्हा आठ आणि एक.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी कॅलेंडरसमोर उभी राहिले आणि तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. रोजची बेरीज नऊ होती. एक दिवस चुकला नव्हता.

शाळेत जीवशास्त्राचे नवीन सर आहेत. त्यांना विचारलं. "चिकूच्या फळात दहा-बारा कप्पे असतात मॅडम," ते डबा खाता खाता म्हणाले. "बी एकही निघणार नाही, नाहीतर दहाही निघतील. त्यात काय एवढं?" त्यांच्या बोटांना वरण लागलं होतं आणि ते ती चाटत होते. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. आठ दिवस म्हणजे काही फार नव्हे, योगायोगाला आठ दिवस माफ असतात, असं मी स्वतःला बजावलं.

घरी सासूबाईंना विचारलं. आई म्हणाल्या, "मी दोन्ही खेपेला खाल्ले. मोजतंय कोण? थुंकायच्या न् मोकळं व्हायचं." मग आठवून म्हणाल्या, "पण तेव्हा झाडं चौदा होती, मग पंधरा. सोळा पुरी झाल्यावर पोटुशी राहिलेली तूच पहिली."

भिकी मात्र माझ्याकडे बघत राहिली. भिकी आमच्या बागेत पंचवीस वर्षं कामाला आहे. ओळीतले चिकू ती जाळीच्या बांबूने उतरवते आणि सोळा डब्यांत पेंढा घालून पिकत ठेवते. ती फाटकाकडे बोट करून म्हणाली, "त्या झाडाचा बघा वैनी. पोर अजून पोटात हाय न् झाड लावून मोकले झाले. असा कोन करतं?"

३

ते झाड म्हणजे बाबांची घाई. पावसाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली, वापीला नेऊन दोन स्टेंट घातले. घरी आल्यावर त्यांना एकच ध्यास लागला, नातवंडाचं झाड आपल्या हाताने लावायचं. बारशापर्यंत मी असेन नसेन, म्हणाले. आई नको म्हणत होत्या. "जन्माआधी आजवर कुणी लावलं नाही," त्या म्हणाल्या. पण आजारी माणसाला किती अडवणार? श्रावणात बाबांनी रोपवाटिकेतून कलम आणलं. सोळाव्याच्या पुढे विहीर होती, जागा नव्हती. म्हणून त्यांनी ते ओळीच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या झाडाच्याही अलीकडे, फाटकाजवळ लावलं. नव्या कलमाची फुलं खुडायची असतात. त्यांनी एक ठेवलं. "राहू दे, माझ्या बाळाचं पहिलं फळ," म्हणाले.

तेव्हा मला त्यात काही वाईट दिसलं नाही. म्हातारा माणूस गुडघे टेकून माती दाबत होता आणि रडत होता. मलाही रडू आलं.

दुसरी फेरी संपली त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये बसून दोन्ही फेऱ्यांचे आकडे एका कोऱ्या कागदावर उतरवले. आधी सकाळचे आठ, पुढे संध्याकाळचे आठ, म्हणजे झाडांच्या क्रमानेच. पहिली फेरी:

०५८८२३५२९४११७६४७

दुसरी:

११७६४७०५८८२३५२९४

हा आकडा मला ओळखीचा होता. सातवीच्या मुलांना मी दरवर्षी १४२८५७ ची गंमत दाखवते. दोनाने गुणा, तिनाने गुणा, सहापर्यंत कशानेही गुणा, तेच अंक त्याच क्रमाने गोल फिरून येतात, फक्त सुरुवात बदलते. हा त्याचाच मोठा भाऊ. एकाला सतराने भागलं की दशांशचिन्हापुढे हेच सोळा अंक फिरत राहतात. याला एकपासून सोळापर्यंत कशानेही गुणलं तरी हा स्वतःच परत येतो. मी पहिल्या फेरीला दोनाने गुणलं. कागदावर, हाताने, हातचे धरत. दुसरी फेरी जशीच्या तशी आली.

खरं सांगायचं तर क्षणभर मला आनंद झाला. इतकी सुंदर संख्या, आणि ती माझ्याकडे आली होती. मग ती कुठून आली होती ते आठवलं. ती मी चघळली होती, लाळेसकट थुंकली होती. मी बेसिनकडे धावले.

४

तिसऱ्या फेरीला काय येणार हे आता मला आधीच माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मी चिठ्ठीवर दोन आकडे लिहिले, घडी घातली आणि जतीनच्या खिशात ठेवली. "संध्याकाळी उघड," म्हटलं.

सकाळी त्याने तिसऱ्या डब्यातला चिकू सोलून दिला. सहा बिया. मी त्याच डब्यातला दुसरा त्याला कापायला लावला. तीन. तिसरा कापला, चार. मी न खाल्लेले चिकू अगदी साधे, चारचौघांसारखे होते. संध्याकाळी माझ्या चिकूत तीन निघाल्या. जतीनने चिठ्ठी उघडली. सहा, तीन.

"शाळेच्या गॅदरिंगला कर हा प्रयोग," तो म्हणाला. "तिकीट लावू."

"मी प्रयोग करत नाहीये, जतीन."

"भावू, तू दिवसभर आकड्यात असतेस. हातात घेऊन दाबून बघत असशील, कळत असेल तुला आत किती आहेत ते. मला नाही का नुसता वास घेऊन कळत, कुठला चिकू किती दिवसांत पिकेल ते?"

हे पटण्यासारखं होतं. मी पटवून घ्यायचा प्रयत्नही केला. पण मी चिकू हातात घेतच नव्हते. फोडी तो करायचा, मी फक्त तोंड उघडायची.

त्या रात्री जेवताना भाताची शितंही मला मोजलेली वाटत होती. ताट तसंच सरकवलं.

५

दहाव्या फेरीच्या चौथ्या दिवशी मी चिकू खाल्ले नाहीत. रविवार होता. दोन आणि सात यायचे होते. मी आईंना म्हटलं, आज दोन्ही बरोबर नेते, मागे झाडाखाली बसून खाते, आणि दोन्ही चिकू शेणखताच्या खड्ड्यात टाकले. वर पायाने पाचोळा लोटला. इतकं हलकं वाटलं की मी दारातल्या झोपाळ्यावर बसून गाणं गुणगुणले.

दहा वाजेपर्यंत बाळ हललं नव्हतं. एरवी सकाळभर त्याचा धिंगाणा चालायचा. बारा वाजले. डाव्या कुशीवर निजले, साखरेचं पाणी प्यायले, पोटावर थापट्या मारल्या. पोट दगडासारखं स्वस्थ होतं. दोन वाजता जतीनने गाडी काढली. डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं, ठोके ऐकवले. "झोपलंय हो बाळ. त्यालाही रविवार आहे," त्या म्हणाल्या. बरोबर असेल. पण मला ते आतून रिकामं वाटत होतं, आणि ठोके दुसऱ्याच कुणाचे तरी.

पाच वाजता, सगळे चहा घेत असताना, मी मागच्या दाराने खड्ड्यापाशी गेले. हाताने पाचोळा उपसला. खाली उबदार ओलं शेणखत होतं, त्यात पांढऱ्या जाड अळ्या वळवळत होत्या. पहिला चिकू फुटला होता आणि मुंग्यांनी काळा झाला होता. मी गाऊनला पुसला. सालीसकट तोंडात घातला. मुंग्या दाताखाली आल्या, आंबट. ती चव मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी एका हाताने तोंड दाबून धरलं होतं, बाहेर येऊ नये म्हणून. दोन बिया निघाल्या.

बाळाने लाथ मारली.

दुसऱ्यात सात निघाल्या. मी शेणाच्या हातांनी पोट धरून तिथेच बसून राहिले. साखर पोटात गेली की बाळ हलतं, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण त्यानंतर एकही चिकू मी चुकवला नाही.

६

आता मला फक्त पुढचा हिशेब करायचा होता आणि तो करायची हिंमत होत नव्हती. आठ दिवसांची एक फेरी. सोळा फेऱ्या म्हणजे एकशे अठ्ठावीस दिवस. सतरावी फेरी वीस मार्चला संपणार होती. माझ्या कार्डावर बाळंतपणाची तारीख एकवीस मार्च होती.

त्या संख्येला सतराने गुणलं की ती फिरायची थांबते. सगळे नऊ होतात. सोळाच्या सोळा.

फेब्रुवारीच्या शेवटी मी रजा घेतली. एकदा तपासणीहून परत येताना मी जतीनला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सगळं सांगितलं. तो हसला नाही, म्हणजे आधी हसला नाही. मी फाईलच्या पाठीवर सोळा नऊ लिहिले.

"यात बाळाचा एक मिळव," मी म्हटलं.

"नऊ आणि एक दहा. दहाचा शून्य, हातचा एक." त्याने शेवटच्या नवाखाली शून्य काढलं. "पुढे परत नऊ आणि एक दहा. शून्य, हातचा एक. परत तेच. हे असंच शेवटपर्यंत जाणार."

"एकं स्थानी कुणाचं झाड आहे?"

"माझं." मग त्याच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू आलं. "म्हणजे मी शून्य? तुझे बाबा लग्नात हेच म्हणत होते."

"चेष्टा करू नकोस. तू, मग संगिताताई, मग काका, मग बाबा. पुढे सगळे मेलेलेच आहेत. सोळाच्या सोळा शून्य. आणि शेवटी हातचा एक उरतो. तो कुठे लिहितात?"

"सगळ्यांच्या पुढे," जतीन म्हणाला. "सतराव्या जागी."

"आजवर तिथे जागा नव्हती. बाबांनी करून दिली."

बाजूने एक मासळीचा टेम्पो गेला. वितळलेल्या बर्फाचं लाल पाणी मागे सांडत होतं. काचेतून तो वास आत आला आणि मी दार उघडून रस्त्यावर वाकले. जतीन उतरून आला, माझे केस मागे धरले, पाठ चोळली. "बाळ होईपर्यंत बायकांच्या डोक्यात काहीबाही येतं," तो हळू म्हणाला. "आई सांगत होती. मी आहे ना. मी कुठे जात नाही."

७

सतराव्या फेरीतल्या पहिल्या चिकूत गर जवळजवळ नव्हताच. साल काढली तर आत लगेच बिया. काळ्या, तुकतुकीत, कडेला पांढरी रेघ असलेल्या, मधोमध गोल मांडलेल्या, एखाद्या लहान तोंडात दात दाटीने यावेत तशा. नऊ. संध्याकाळी नऊ. रोज अठरा. त्यांच्यामधला बुळबुळीत गर मी जिभेने काढून खायची, कारण खाल्ला नाही तर बाळ थांबायचं. सासूबाई बशी बघून म्हणाल्या, "अगो बाई, यंदा बिया किती!" आणि कौतुकाने ती बशी शेजारच्या नवशीबाईंना दाखवून आल्या.

बाबांनी त्याच दिवशी, मार्चच्या तेराला, फाटकाजवळच्या कलमावरचं ते एकुलतं एक फळ उतरवलं. आपल्या खोलीत पेंढ्याच्या डब्यात ठेवलं. रोज काढून नाकाशी धरायचे. "सोळा झाली की सतरावं बाळाचं. एकवीस तारखेला खायचं हं," ते मला म्हणाले. त्यांचे हात आता फार थरथरायचे, पण गेल्या आठ महिन्यांत मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

दुपारी ते झोपलेले असताना मी त्यांच्या खोलीत गेले. डबा उचलला. विहिरीत टाकणार होते. डबा हातात आला तसं बाळ थांबलं. मी डबा खाली ठेवला, ते हललं. तीनदा उचलला, तीनदा ठेवला. गणितात तीनदा तेच आलं म्हणजे सिद्ध झालं असं होत नाही, हे मी मुलांना सांगते. तरी चौथ्यांदा उचलायचं धाडस मला झालं नाही.

वीस तारखेला संध्याकाळी मी डॉक्टरीणबाईंचे हात धरले, आत्ताच्या आत्ता सिझेरियन करा म्हटलं. त्यांनी जतीनकडे पाहिलं. "सगळं उत्तम आहे. उद्या सकाळी या, ॲडमिट करू. आज घरी आराम करा." आणि माझा गाल थोपटला. त्यांच्या हाताला जंतुनाशकाचा वास होता आणि त्याखाली, मला वाटलं, चिकूचा.

८

एकवीस तारखेला सकाळी उठले तेव्हा बाळ हलत नव्हतं.

मी कुणालाही काही न बोलता अंघोळ केली. बॅग गाडीत ठेवली. म्हटलं, "जतीन, निघू या. आत्ता." तो म्हणाला, "दोन मिनिटं. बाबांचं तेवढं होऊ दे, मग लगेच." ओटीवर सगळे जमले होते. बाबा खुर्चीत, आई ताट घेऊन, निरांजन लावलेलं. भिकी त्या दिवशी कामावर आली नव्हती. उन्हं पार ओळीत पोचली होती, आणि सोळाही झाडं फाटकापासून विहिरीपर्यंत फळांनी वाकली होती.

"दवाखान्यात खाईन," मी म्हटलं.

"घरातच खायचं असतं गं," आई म्हणाल्या.

पोटावर हात ठेवला. काही नाही. दाबलं. काही नाही. जतीन माझ्यासमोर उकिडवा बसून तो चिकू सोलत होता, अगदी हळू, सालीचा कण राहू नये म्हणून. त्याच्या मानेवर घाम होता. त्याने फोड माझ्या तोंडाशी आणली. मी त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाही चढ्या आवाजात बोलला नव्हता. तोंड मिटून ठेवलं तर तो माझा राहणार होता. डहाणू पंधरा मिनिटांवर आहे, मी स्वतःशी म्हटलं, पंधरा मिनिटं काहीच नाहीत. आणि पोटातलं ते ओझं एखाद्या बाजूला ठेवलेल्या वस्तूसारखं खाली सरकलं.

मी तोंड उघडलं.

गर गरम होता. अंगाइतका गरम. दुधाचा, खवट दुधाचा वास होता त्याला, आणि तो मी न गिळताच खाली गेला. एक बी निघाली. मी ती तळहातावर थुंकली. एकच.

बाळाने इतक्या जोराने लाथ मारली की मी ओरडले. मग पुन्हा. पुन्हा. ते जिवंत होतं, माझं बाळ, आणि मी रडत हसत होते. किती महिन्यांनी मला मळमळत नव्हतं.

तेवढ्यात विहिरीच्या बाजूने आवाज आला. एका झाडावरचे सगळे चिकू एकदम खाली यावेत असा, धपाधप, आणि मग शांत.

"बघ, म्हटलं होतं ना," जतीन म्हणाला आणि हसला.

मी त्याच्या तोंडात पाहिलं. दात नव्हते. जीभ नव्हती. स्वच्छ पुसून ठेवलेली ओली पोकळी होती, आणि ती मागे कुठवर गेली होती ते दिसत नव्हतं. आवाज मात्र त्याचाच होता, प्रेमळ. "दमलीस का भावू?" तो विचारत होता.

दुसरा आवाज. जरा अलीकडे. टेबलावरचा फोन वाजायला लागला, वापीचा नंबर होता. कुणी उचलला नाही.

तिसरा, काकांच्या झाडाचा.

आई निरांजन हातात धरून जतीनकडे बघत होत्या, तोंडावर पदर दाबून. त्यांनी पाहिलं होतं. आमच्या दोघींच्या नावाचं झाड या ओळीत नाही.

बाबांनी यातलं काही पाहिलं नव्हतं. त्यांची नजर माझ्या पोटावर होती. ते खुर्चीतून वाकले आणि हात पुढे केला, विचारल्याशिवाय लावायला नको म्हणून अर्ध्यावर थांबवून.

"हललं का गं?"

मी तो हात धरला आणि पोटावर ठेवला.

"हो बाबा," मी म्हटलं. "हललं."